आंघोळ घालून आणू नका

पहिल्या भेटीची वेळ ठरवण्यासाठी मी जनावरांच्या दवाखान्यात फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने दोनच गोष्टी बजावून सांगितल्या. “पिल्लाला आंघोळ घालून आणू नका, आणि येताना त्याची शी घेऊन या.” फोन स्पीकरवर होता, त्यामुळे दुसरी सूचना ऐकताच सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मला मात्र पहिली सूचना अधिक लागली, कारण बादलीत कोमट पाणी काढून ठेवूनच मी फोनला बसले होते. डॉक्टरांकडे जायचे म्हणजे नखे कापून, डोके धुऊन आणि धुतलेले कपडे घालून जायचे, हे आमच्या घरात कोणी न शिकवता सर्वांना येते. परक्या माणसासमोर आपले लेकरू नीटनेटके दिसले पाहिजे, हा नियम वीतभर मांजरालाही लागू असणार, असे मी गृहीत धरले होते.

पिल्लू घरात आले ते मंगळवारी रात्री. आषाढातला पाऊस लागलेला होता. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्यांमधून दुपारपासून बारीक ओरडणे ऐकू येत होते, आणि रखवालदार प्रत्येकाला “बॉनेटवर थाप मारल्याशिवाय गाडी चालू करू नका” असे सांगत फिरत होते; पावसाळ्यात आणि थंडीत पिल्ले उबेसाठी इंजिनाजवळच्या पोकळीत शिरतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. एकटे दिसलेले पिल्लू लगेच उचलू नये, त्याची आई बहुधा भक्ष्याच्या शोधात गेलेली असते आणि काही तासांनी परत येते, एवढे मलाही ठाऊक होते, म्हणून आम्ही रात्री अकरापर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून वाट पाहिली. शेवटी दुकान बंद करून निघालेल्या इस्त्रीवाल्याने सांगितले की सकाळी समोरच्या रस्त्यावर एक मांजरी गाडीखाली गेली, आणि तिची आचळे दुधाने भरलेली होती. त्यानंतर वाट पाहण्यासारखे काही उरले नाही. नवऱ्याने कोपरापर्यंत हात आत घालून पिल्लाला बाहेर काढले. पांढरा, काळा आणि केशरी असे तीन रंग अंगावर, आणि निळसर डोळे काचेच्या गोट्यांसारखे. तिथेच, त्या ओल्या जिन्यात, त्याचे नाव गोट्या ठरले.

दवाखान्याची वेळ शुक्रवार संध्याकाळची मिळाली. फोनवरच्या मुलीने वेळ देण्यापूर्वी चौकशी मात्र कसून केली होती. पिल्लू खाते का, अंग गार तर लागत नाही ना, शिंकते का, डोळ्यांतून चिकट पाणी येते का, आणि वरचा ओठ उचलून पाहिला तर हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या. पिल्लाने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडले, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा ते तोंड उघडून धापा टाकू लागले, तर शुक्रवारची वाट न पाहता त्याच क्षणी घेऊन यायचे होते. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा असा काही नसतोच आणि पाणी कमी झाले की काही तासांत ते कोसळते, असे तिने समजावले. मी प्रत्येक प्रश्नाला “हो, बहुतेक” किंवा “नाही, बहुतेक” असे उत्तर देत होते. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की चौदा तास ज्या जिवाकडे आम्ही तिघे आळीपाळीने टक लावून पाहत होतो, त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येईल असे एकही वाक्य माझ्यापाशी नव्हते.

म्हणून बुधवारपासून वही घालायचे ठरवले, आणि वहीऐवजी कालनिर्णय हाताशी आले. आमच्याकडे त्याच्या प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. त्याखाली आता ग्रॅम आले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लाडवांचा रिकामा डबा ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि डब्यात गोट्याला बसवायचे. तो बसत नसे, म्हणून आकडा नाचत राही आणि त्यातल्या त्यात पुन्हा पुन्हा दिसणारा आकडा आम्ही खरा मानत असू. बुधवारी पाचशे वीस. गुरुवारी पाचशे दहा. वाढत्या पिल्लाचे वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवे, ते न वाढणे हीसुद्धा बातमी आहे आणि ते घटणे ही वाईट बातमी आहे, हे आम्हाला शुक्रवारी कळले. गुरुवारी आम्ही दहा ग्रॅमचा दोष काट्याला दिला.

वजन का घटले, याचे उत्तर खरे तर प्लास्टिकच्या ट्रेमधल्या वाळूत होते. पण ते बाटलीत भरण्याचा प्रश्न जास्त अवघड ठरला. नमुना ताजा हवा, सकाळचा घेतला आणि दवाखाना संध्याकाळचा असला तर फ्रिजमध्ये ठेवून चालेल, असे त्या मुलीने सांगितले होते, आणि नवऱ्याने हा निरोप सासूबाईंसमोर जसाच्या तसा वाचून दाखवण्याची चूक केली. ज्या फ्रिजमध्ये नैवेद्याचे दूध वरच्या कप्प्यात वेगळे ठेवले जाते, त्या फ्रिजमध्ये मांजराचा मळ ठेवण्याची कल्पना त्यांच्यापुढे मांडली गेली, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त “मग मी धाकट्याकडे जाते,” एवढेच म्हटले. अखेर शुक्रवारी दुपारी मी दीड तास स्नानगृहाच्या दारात पाटावर बसले, आणि चार वाजता गोट्याने माझ्यावर उपकार केले. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली धुऊन, वाळवून ठेवलेली होती. शेंगदाण्याएवढा नमुना पुरतो. वाळू त्यात शक्यतो येऊ द्यायची नाही, हे मात्र बोलायला सोपे आहे.

आंघोळीला मनाई का, हेही मला घरीच समजले. गुरुवारी सासूबाईंनी आपली जुनी लाकडी फणी काढली, माझ्या नणंदेच्या शाळेच्या दिवसांतली, उवा-लिखांसाठी घेतलेली. गोट्याच्या मानेवरून आणि शेपटीच्या बुडाशी ती फिरवली, तेव्हा दातांमध्ये मिरपुडीसारखे काळे कण आले. ते ओल्या कापसावर ठेवले तर त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला. मातीला असा रंग सुटत नाही. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पिल्लाचेच पचलेले रक्त, आणि पाचशे ग्रॅमच्या देहात रक्त असते तरी किती! पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लू नुसत्या त्यांच्यामुळे रक्तक्षय होऊन मरू शकते. बुधवारी मी ते कोमट पाणी ओतले असते, तर पिल्लू गारठले असते हे एक, आणि ही सगळी साक्ष मोरीत वाहून गेली असती हे दुसरे. कानातला तपकिरी चुरा मी कापसाच्या काडीने काढायला निघाले होते, तीही काडी मग ठेवून दिली. डॉक्टरांकडे जायची तयारी म्हणजे घर आवरणे, असा माझा समज होता. पण पाहुणे येण्यापूर्वी आपण जे दिवाणाखाली ढकलतो, नेमके तेच इथे टोपलीत घालून न्यायचे होते.

टोपली बुरूड आळीतून आणली, बांबूची, झाकणाची. दुकानात मिळणारे प्लास्टिकचे पिंजरे त्यापेक्षा सोयीचे असतात, विशेषतः ज्यांचे वरचे अर्धे अंग निघून येते असे, कारण मग भेदरलेल्या जनावराला दारातून ओढून काढावे लागत नाही. पण आम्हाला दोन दिवसांत जमले ते हे. ती आणल्याबरोबर त्यात पिल्लू कोंबायचे नाही, एवढे पथ्य पाळले. बुधवारी संध्याकाळपासून टोपली झाकण उघडे ठेवून हॉलमध्ये ठेवली आणि सासूबाईंच्या सुती लुगड्याचे जुनेर तिच्यात अंथरले. मंगळवारी रात्रीपासून गोट्या त्याच जुनेरावर झोपत होता, तेव्हा त्याला त्याचा वास ओळखीचा होता. मांजराला जग नाकाने कळते. ज्या टोपलीचे दर्शन केवळ दवाखान्याच्या दिवशी होते, ती टोपली माळ्यावरून निघताच मोठी मांजरे पलंगाखाली अशी बसतात की घरातल्या चार माणसांना जमिनीवर लोळावे लागते, हे दृश्य मी मैत्रिणीच्या घरी पाहिलेले आहे. गोट्याने मात्र शुक्रवारपर्यंत टोपलीकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि शेवटी त्याला उचलून आत ठेवावे लागलेच.

रिक्षात टोपली कोणी धरायची यावर वाद झाला आणि सासूबाई जिंकल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईने जनावरांच्या दवाखान्यात कशाला यायचे, असे आम्ही दोघांनीही विचारून पाहिले. “तुम्ही दोघं काहीतरी विसराल,” त्या म्हणाल्या. पुढे जे घडले ते पाहता त्या आल्या नसत्या, तर आम्ही विसरलो नसतो. आम्ही लपवले असते.

दवाखान्यात एक मोठा लॅब्राडॉर आणि त्याचे तितकेच मोठे मालक बसलेले होते. टोपली जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा आणि वरून कापड टाका, असे मदतनिसाने सांगितले, कारण उंचावर आणि झाकलेले असले की मांजर निम्मे शांत होते. डॉक्टर तिशीच्या असाव्यात. त्यांनी गोट्याला लगेच हात लावला नाही. टोपली टेबलावर उघडी ठेवून त्या आमच्याशीच बोलत राहिल्या, आणि पाच मिनिटांनी तो आपणहून काठावर चढून आला.

“खायला काय देता?”

“दूध,” मी म्हणाले, आणि माझ्या आवाजात अभिमान होता. दूध आमच्याकडे गायीचे, रोज सकाळी येणारे.

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत वाढलेल्या माणसाला मांजराला दूध सोसत नाही हे पटायला वेळ लागतो. पिल्लू आईच्या दुधावरून सुटू लागले की दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होत जाते, शिवाय गायीचे दूध मांजरीच्या दुधापेक्षा बरेच पातळ असते. पोट भरल्यासारखे होते, जुलाब लागतात आणि दहा ग्रॅम घटतात. काटा बरोबर होता. मी कालनिर्णयाचा फोटो मोबाइलमध्ये काढून नेला होता, तो दाखवला, तेव्हा डॉक्टरांनी दुधाचा हिशेब आणि पिल्लाचे वजन एकाच चौकोनात पाहून थोडे हसून घेतले, आणि मग म्हणाल्या, “काकू, हे फार कामाचं आहे. रोज लिहा.”

सासूबाईंना दुधाचा अपमान सहन झाला नाही. “आमच्या वाईच्या वाड्यात पाच-पाच मांजरं होती. सगळी दूधपोळीवर वाढली. काही झालं नाही त्यांना.”

“आजी, ती दूधपोळी तुमच्याकडे खायची,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि जेवायला बाहेर जायची.”

वाड्यातले उंदीर, पाली, परसातले पक्षी. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटते त्या मनातल्या मनात वाड्याच्या कोठीपर्यंत जाऊन आल्या. मांजर हे सक्तीचे मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसे बनवता येत नाही आणि ते मांसातूनच मिळवावे लागते. टॉरिन नसलेल्या आहारावर वाढलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत जातो, हे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, आणि १९८७ मध्ये हेही सिद्ध झाले की त्याच कमतरतेने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते आणि टॉरिन दिल्यास ते सुधारते. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात पाळलेल्या मांजराला बाहेर जेवायला जायची सोय नाही, तेव्हा आमच्यासारख्या शाकाहारी घराला दोनच वाटा उरतात: पिल्लांसाठी बनवलेले तयार खाद्य घरात आणणे, किंवा मांजर न पाळणे. आपल्या व्रताचा भार दुसऱ्या प्राण्याच्या डोळ्यांवर टाकणारी तिसरी वाट मला तरी मान्य नाही. सासूबाईंनी निकाल दिला तो असा की औषधाला सोवळे नसते, तेव्हा खाद्याची पिशवी गच्चीतल्या कपाटात राहील आणि ताटली वेगळी.

यानंतरच्या प्रश्नांना उत्तरे देताना माझी स्थिती शाळातपासणीच्या दिवशीच्या मास्तरांसारखी होऊ लागली. पिल्लाला कुठे ठेवता? मागच्या स्नानगृहात. ते कशाने पुसता? मी “पाण्याने” म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “फिनाइलने. दिवसातून दोनदा.” फिनाइलचे नाव ऐकून डॉक्टरांनी लिहिणे थांबवले. अशी द्रव्ये निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची जी यंत्रणा माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. आणि मांजर दिवसभर स्वतःचे पंजे चाटते, म्हणजे फरशीवर जे असेल ते त्याच्या पोटात जाते. याच कारणाने आपल्या घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्यांच्या पिसवांसाठीची काही औषधेही मांजराला घातक असतात. इथे मला घाम फुटला. गुरुवारी गोट्याचे कान गरम लागले होते आणि कपाटात नातवासाठी आणलेले तापाचे औषध होते. ते आम्ही दिले नाही, याचे श्रेय आमच्या शहाणपणाला नाही. बाटलीवरची मुदत उलटून गेलेली होती. डॉक्टरांनी ताप मोजला तो १०१.४ निघाला, आणि नवरा “म्हणजे आहेच!” असे म्हणेपर्यंत त्यांनी सांगून टाकले की मांजराचे निरोगी तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या तापाने मांजराचा ताप मोजायचा नसतो.

आणि मग तो प्रश्न आला. “कोणाला चावलं, ओरखडलं का?”

मी “नाही” म्हणाले. हे मी घरूनच ठरवून निघाले होते. बॉनेटमधून काढताना नवऱ्याच्या मनगटावर दोन ओरखडे उठले होते. रक्त आले नव्हते, वर हळद दाबली होती, आणि पहिल्याच भेटीत आपले पिल्लू मारकुटे ठरू नये अशी माझी इच्छा होती. आज हे लिहिताना ते किती बालिश होते हे मला दिसते, पण त्या क्षणी मी गोट्याची आई होऊन त्याच्या प्रगतिपुस्तकाची काळजी करत होते. सासूबाईंनी मुलाची बाही वर केली.

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. पिल्लाची आई रस्त्यावरची, तिला काय झाले होते हे कोणालाच माहीत नाही. मांजर पंजे चाटते, त्यामुळे ओरखडाही गंभीरपणे घ्यायचा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते, हळद लावायची नसते, आणि रक्त आले नसले तरी लस घ्यायची, तीही आजच. “काका, यात वाट बघायची नसते. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय नाही.” नवऱ्याचा चेहरा उतरला, कारण त्याच्या पिढीच्या मनात ही लस म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने. त्याच्या मामांना ती घ्यावी लागली होती आणि कुटुंबात त्याची कथा अजून सांगितली जाते. कसौलीत १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी शोधलेली, पुढे मेंढीच्या मेंदूपासून बनवली जाणारी ती लस भारतात जवळजवळ शतकभर वापरात होती, आणि २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आता दंडात घ्यायची पाच इंजेक्शने असतात: पहिले लगेच, मग तिथून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दवाखान्यातून आम्ही घरी न जाता थेट ती लस घ्यायलाच गेलो. म्हणजे जनावराच्या पहिल्या भेटीत टोचून घेण्याची पाळी नवऱ्यावर आली, जनावरावर नाही.

कारण गोट्याला त्या दिवशी लस दिलीच नाही. दातांवरून त्याचे वय सहा आठवड्यांच्या आसपास ठरले. मागच्या दाढा नुकत्या वर येत होत्या आणि डोळ्यांचा निळा रंग अजून पुरता गेलेला नव्हता. या वयाला साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे असायला हवे, तो साडेपाचशेही नव्हता. बाटलीतल्या नमुन्यात गोलकृमींची अंडी सापडली, जी आईच्या दुधातून आलेल्या जंतांची असतात, तेव्हा आधी वजनानुसार जंताचे पातळ औषध. तेच औषध दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण ते आतड्यातले जंत मारते, अंगात फिरत असलेल्या अळ्या तेव्हा निसटतात. लस आठव्या आठवड्यात, वजन वाढल्यावर. ती एकदाच का देत नाहीत, असे मी विचारले, तेव्हा जे ऐकले ते मला फार विचारात पाडून गेले. जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकातून आई पिल्लाला आपली प्रतिकारशक्ती देते. ती काही आठवडे पिल्लाचे रक्षण करते, आणि तीच शक्ती बाहेरून दिलेल्या लसीलाही शत्रू समजून निष्प्रभ करते. ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळे, म्हणून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा द्यायची. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. रस्त्यावर गाडीखाली गेलेली ती मांजरी अजून काही आठवडे त्याच्या रक्तात पहारा देत असणार, आणि ती हटल्याशिवाय आमच्या लसीला आत प्रवेश नव्हता.

“या घरात वर्षभरात दुसरं मांजर होतं का? मेलं का कुठलं?” डॉक्टरांनी शेवटी विचारले. मांजरांच्या पार्व्होसाठी हा प्रश्न होता. या रोगाचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो, साध्या साबणाने जात नाही, आणि लस न घेतलेले नवे पिल्लू त्याच जागी आणले तर तेही जाते. आमच्या घरात मांजर नव्हते, हे मी या वेळी खरेच सांगितले. पण मला सातारा जिल्ह्यातले आमचे गाव आठवले, जिथे मी सात-आठ वर्षांची असताना माडीवरच्या मांजरीची चार पिल्ले दोन दिवसांत गेली होती. उलट्या, जुलाब, आणि पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेले ते शेवटचे पिल्लू. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुढच्या वर्षी त्याच माडीवर नवी पिल्ले झाली आणि तीही तशीच गेली, तेव्हा जागेला दोष आहे असे ठरले. जागेला दोष होता हे खरेच निघाले म्हणायचे. गावाच्या वेशीवर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना होता, पण त्याला सगळे गुरांचा दवाखाना म्हणत. बैलाच्या खांद्याला सूज आली, गाय अडली, तर तिथे निरोप जाई. मांजराला घेऊन तिथे गेल्याचे मी कधी पाहिले नाही, आणि गेले असते तर लोक हसले असते. मी हे डॉक्टरांना सांगितले नाही. मागे तो लॅब्राडॉर ताटकळला होता.

तपासणीच्या अगदी शेवटी त्यांनी शेपूट उचलून पाहिले. “नाव काय ठेवलंय?”

“गोट्या.”

“मुलगी आहे.”

तीन रंगांचे मांजर दिसले की शेपूट न उचलताही पैज लावता येते, असे त्या म्हणाल्या. केशरी रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि केशरी व काळा हे दोन्ही एकाच अंगावर उमटायला साधारणपणे दोन एक्स लागतात, म्हणजे मादीच हवी. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निजलेले असते, हे मेरी लायन या ब्रिटिश संशोधिकेने १९६१ मध्ये मांडले. कुठे एक निजते, कुठे दुसरे, म्हणून अंगावर ठिगळे पडतात. तीन रंगांचा बोका क्वचितच जन्मतो, आणि तो बहुधा वांझ असतो. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी नंतर दुसरे नाव सुचवले, पण तीन दिवस ज्या नावाने हाक मारली ते सुटेना. मराठीने आमची सोय आधीच करून ठेवली आहे. मांजर म्हटले की ते आले, ते गेले. नाव घेतले की मात्र अडते, आणि आता आमच्या घरात “गोट्या आली, गोट्या रुसली” असे बिनदिक्कत बोलले जाते. नसबंदीचे पाच महिन्यांच्या सुमारास पाहू, असे डॉक्टरांनी कार्डावर लिहिले, कारण मांजरी स्वतःच पिल्लू असल्यासारखी दिसत असतानाच गाभण राहू शकते.

घरी परतायला साडेनऊ वाजले. नवऱ्याच्या दंडावर कापूस, सासूबाईंच्या मांडीवर टोपली, माझ्या हातात खाद्याची पिशवी. झाकण उघडताच गोट्या पलंगाखाली गेली आणि मध्यरात्रीपर्यंत बाहेर आली नाही. फिनाइलची बाटली मी त्याच रात्री खाली रखवालदारांना देऊन टाकली आणि फरशी साध्या पाण्याने तीनदा पुसली.

टोपली उचलून माळ्यावर टाकायची नाही, हे ठरलेलेच होते, म्हणून ती हॉलमध्ये तशीच उघडी राहिली. शनिवारी वजन पाचशे पंचेचाळीस. रविवारी पाचशे साठ. मंगळवारी सकाळी मी डबा आणि काटा घेऊन तिला शोधत होते, तेव्हा ती टोपलीत सापडली, जुनेरात नाक खुपसून झोपलेली. तिला उठवले नाही. कालनिर्णयाच्या त्या चौकोनात फक्त दुधाचा हिशेब आहे, आणि तोही अर्ध्या लिटरने कमी झालेला.